सिग्नल सुटला की पोहोचूच

मी एक जुनी, विजेवर चालणारी गाडी आहे. माझा रंग एके काळी आकाशी होता. आता तो उन्हाने पार विटला आहे. मित्रांनो, तुम्हाला अशा गाड्यांचं नवल वाटणार नाही. पण मी नवी होते, तेव्हा लोक माझ्याभोवती फेरी मारून विचारायचे, "हिचा धूर कुठून निघतो हो?"

दुकानात मी बरेच दिवस काचेमागे उभी होते. लोक यायचे, किंमत ऐकायचे आणि उघडलेलं दार हळूच लावून निघून जायचे. मग सरकारने विजेच्या गाड्यांवर सवलत जाहीर केली. जुनी धुराची गाडी मोडीत काढली, तर आणखी थोडी सूट. त्याच आठवड्यात एक परिचारिका आली. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाऊन ती जखमा धुवायची, इंजेक्शनं द्यायची. तिची जुनी गाडी प्रत्येक चढावर धापा टाकायची.

सोबत तिचे यजमान होते. ते वाद्यं दुरुस्त करायचे. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. त्यांनी माझ्या पत्र्यावर हात फिरवला, मग कान लावला.

"चालू आहे?"

"चालू आहे, काका," विक्रेता म्हणाला.

"मग बोलत का नाही? रुसलीय का?"

सगळे हसले. मी त्यांची झाले.

घरी आल्यावर मात्र पंचाईत झाली. मला वीज पाजायची कुठे? त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, मी खाली पार्किंगमध्ये. भिंतीवर चार्जर बसवायलाही सरकार पैसे देत होतं. हवी होती फक्त इमारतीच्या समितीची परवानगी. सेक्रेटरी तसे वाईट नव्हते. पाण्याचा पंप बिघडला की भल्या पहाटे स्वतः बाह्या सरसावून उतरायचे. पण विजेची त्यांना धास्ती होती.

"वहिनी, उद्या ठिणगी उडाली तर? बैठकीत विषय ठेवतो ना."

बैठक व्हायची. लिफ्टवरून वादावादी व्हायची, गच्चीच्या गळतीवर तास जायचा आणि चहा आला की विषय पुढे ढकलला जायचा. असं वर्षानुवर्षं चाललं. एकदा बाईने स्वयंपाकघराच्या खिडकीतून लांबलचक वायर खाली सोडली, तर ओरडा बिचाऱ्या पहारेकऱ्याने खाल्ला. त्यानंतर तिने तो नाद सोडला.

मग आम्ही मंडईमागच्या सरकारी चार्जिंग केंद्रावर जायचो. तिथे एक झटपट चार्जर होता, त्याच्यापुढे कायम रांग. दुसरा संथ, स्वस्त. तो अख्खी दुपार खायचा. आम्ही संथाकडे जायचो. यजमानही हटकून यायचे. बाई मटार सोलत त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. ते मधेच म्हणायचे, "अगं, ती शेजारची गाडी शिट्टीसारखी वाजतेय. सूर चुकलाय तिचा." मग त्या सुरावरून दोघांचं लटकं भांडण. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते.

मित्रांनो, पुढचं सांगताना मला जड जातं.

त्या दिवशी बाई सकाळपासून रुग्णांच्या घरी फिरत होती. वय झाल्यामुळे माझी बॅटरी आता लवकर उतरायची. दुपारी मंडईमागे गेलो, तर केंद्र बंद. तार जळाली होती. "संध्याकाळी बघू," म्हणत ती घरी आली. जेवायला बसणार, एवढ्यात यजमान छातीला हात लावून खाली बसले. रुग्णवाहिकेला फोन लावला. दुसऱ्या फेरीवर आहे, वेळ लागेल, असं उत्तर आलं. घरी बसून वाट पाहणं तिला शक्यच नव्हतं. शेजाऱ्यांनी हात दिला आणि त्यांना माझ्यात बसवलं.

माझ्यात होतं नव्हतं तेवढं सगळं मी दिलं. पुलाचा चढ लागला आणि माझा वेग मंदावला. निम्म्यात मी थांबले. माझ्या थांबण्याचाही आवाज झाला नाही.

"का गं, थांबलो?" त्यांनी विचारलं. आवाज पार खोल गेला होता.

तिने एका हाताने त्यांची नाडी धरली होती. दुसरा हात खिडकीबाहेर काढून ती मागच्या गाड्यांना जिवाच्या आकांताने थांबवत होती.

"सिग्नल आहे हो," ती म्हणाली.

"मोठा दिसतोय."

"हो. सुटला की पोहोचूच."

"मग घाबरू नकोस," ते म्हणाले आणि त्यांनी मान तिच्या खांद्यावर टेकली.

एक टेम्पोवाला थांबला. त्याने त्यांना उचलून आपल्या गाडीत घेतलं. मी पुलावर दार सताड उघडं ठेवून उभी राहिले. रुग्णालयात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी वाचले असते असं सांगता येत नाही. वाचले नसते, असंही त्यांनी सांगितलं नाही. त्या दोन वाक्यांच्या मधे बाई अजून अडकली आहे.

महिनाभरात सेक्रेटरी पार्किंगमध्ये येऊन तिच्यासमोर उभे राहिले. हातात परवानगीचा कागद होता.

"वहिनी, सही केलीय. सगळ्यांनी केलीय."

तिने कागदावरच्या सह्या एकेक करून वाचल्या.

"आता मला घाई नाही, भाऊजी," ती म्हणाली. आवाज चढला नाही. सेक्रेटरींनी मात्र भिंतीला हात टेकला. तो खाली घ्यायचं त्यांना सुचेना.

मला वाटलं, ती कागद फाडेल. तिने तो घेतला. चार्जर बसला, माझ्या अगदी पुढ्यात. पण तिने तो एकटीसाठी ठेवला नाही. दुसऱ्या मजल्यावरची बाळंतीण, तळमजल्यावरचे आजोबा, सगळ्यांच्या गाड्या तिथे लागू लागल्या.

आता मी मोडीत जाणार आहे. माझ्या बदल्यात नव्या गाडीवर सवलत मिळते. बाईने ती घेतली नाही. ती रुग्णांकडे बसने जाते.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. तुम्ही मोठे व्हाल, कुणी तुमच्या सहीसाठी दारात येईल. त्याचं मागणं छोटं दिसेल. तुमची बैठक लांबेल, चहा येईल. तेव्हा ते मागणं पुढे ढकलू नका. पुलाच्या चढावर त्या बाईने काय पाहिलं, ते फक्त मलाच ठाऊक आहे. यजमानांचं डोकं खांद्यावर जड झालं, तरी ती पुन्हा पुन्हा सांगत होती, "सुटेल हं, आता सुटेल."