लस न दिलेल्या कोंबड्या

त्या प्रयोगशाळेत तिला सगळे दिवेवाल्या ताई म्हणत. एकोणीस वर्षं ती रोज सकाळी अंधाऱ्या खोलीत बसून एकेक उबवलेलं अंडं दिव्यापुढे धरायची, आतल्या लाल शिरा बघायची, पिल्लू हललं की कवचावर पेन्सिलने खूण करायची आणि तिथे बारीक भोक पाडून सुईने आजारी कोंबडीचा नमुना आत सोडायची.

"विषाणू म्हणजे पक्का आयतोबा," नव्याने कामाला लागलेल्यांना ती सांगे. "स्वतःची चूल नाही, भांडी नाहीत. जिवंत पेशीत घुसेल, तिच्याकडून सगळं करून घेईल, तेव्हा कुठे एकाचे हजार होतील. म्हणून त्याला शोधायचं तर आधी काहीतरी जिवंत द्यावं लागतं."

कोंबड्यांच्या रोगांसाठी ते जिवंत म्हणजे दहा दिवसांचं अंडं. अट एकच होती. अंडं देणाऱ्या कोंबडीला त्या रोगाची लस दिलेली नको. लस दिली की तिच्या रक्तात विषाणूला जखडून ठेवणारी प्रथिनं तयार होतात, ती बलकातून पिल्लाला मिळतात, आणि मग त्या अंड्यात विषाणूचं काही चालत नाही.

अशी अंडी मिळणं मुश्किल. सहा वर्षांपूर्वी ताईच प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना म्हणाली होती, "माझ्या दादाचा कोंबड्यांचा फार्म आहे. एक शेड आपल्यासाठी लस न देता वेगळी ठेवेल. शब्दाचा पक्का आहे तो." वडील गेल्यावर दादानेच तिला शिकवलं होतं. त्याच्याबद्दल हमी देताना तिला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

पाच वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग मानमोडीची साथ आली. ठिकठिकाणच्या कोंबड्या माना वाकड्या करून मरत होत्या, त्यांचे नमुने प्रयोगशाळेत येत होते, आणि ताईच्या अंड्यांत काही म्हणता काही वाढत नव्हतं. अंड्यातला द्रव काढून त्यात तांबड्या रक्तपेशी मिसळायच्या. विषाणू असेल तर त्या एकमेकींना चिकटून तळाशी चादरीसारख्या पसरतात. नसेल तर खाली बसून टिकलीएवढा लाल ठिपका होतो. महिनोन् महिने ताईला नुसते ठिपकेच दिसत होते. 'विषाणू आढळला नाही' असे अहवाल जात होते.

"ताई," एक दिवस मॅडम म्हणाल्या, "फ्रीजरमधला आपला जुना विषाणूसुद्धा तुमच्याकडे धड वाढत नाहीये. सुई नीट जाते ना?"

मॅडम रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्या हळू बोलल्या, ते ताईच्या जिव्हारी लागलं.

दर सोमवारी दादा स्वतः अंड्यांचे ट्रे घेऊन यायचा. त्याला तिने सगळं सांगितलं. तो ट्रे रचत राहिला.

"छोटी, वय होतं गं माणसाचं. डोळे तपासून घे एकदा. हात थरथरतो का बघ."

तिने चष्मा बदलला. घरी पाण्याच्या पेल्यावर सुई धरून बसायला लागली, टोक हलतंय का ते बघत.

शेवटी मॅडमनी दुसऱ्या संस्थेतून वीस अंडी मागवली. एकाच कुपीतला विषाणू ताईने त्या वीस अंड्यांत आणि दादाच्या वीस अंड्यांत सोडला. मॅडम शेजारी उभ्या होत्या. तीन दिवसांनी द्रव तपासला. बाहेरच्या अंड्यांची सगळी ओळ चादर पसरल्यासारखी, दादाच्या अंड्यांचे वीसच्या वीस ठिपके.

"तुमचा हात उत्तम आहे," मॅडम म्हणाल्या. "माझं चुकलं. पण ही अंडी?"

"प्रवासात उन्हाने तापली असतील," ताई घाईने म्हणाली. "दादाचं तसं काही नसणार."

तरी दादाच्या पाच अंड्यांचा बलक तिने स्वतःच काढला. तो पातळ करून त्यात विषाणू मिसळला, वर रक्तपेशी घातल्या. बलकात काही नसतं तर पेशी पसरल्या असत्या. पाऊण तासाने तबकडीतल्या पाचही खळग्यांत गोल, नीटस ठिपके बसले होते. विषाणूला बलकानेच जखडलं होतं. तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच.

दुपारीच ती फार्मवर गेली. दादा शेडच्या दारात पाण्याची नळी धूत होता.

"लस दिलीस?"

त्याने नळी खाली ठेवली. "साथ आली तेव्हाच. शेजाऱ्याच्या शेडमध्ये एका आठवड्यात सगळ्या मेल्या, छोटी. मी घाबरलो. वाटलं, अंड्यात एवढं काय उतरणार?"

"मला सांगायचं होतंस."

"सांगणारच होतो. मग राहून गेलं."

"लस दिलीस ते मी समजू शकते, दादा. तुझ्या जागी मीही घाबरले असते. पण तुला माहीत होतं. माझ्यासमोर ट्रे रचत होतास, आणि मला म्हणालास, डोळे तपास. मी तपासले रे! मी माझ्या हातांना दोष देत बसले. केसाने गळा कापलास माझा."

"हे कागदावर येऊ देऊ नकोस," तो म्हणाला. "तेवढं कर माझ्यासाठी."

ती निघून आली. दुसऱ्या दिवशी तिने सगळं लिहून मॅडमना दिलं. फार्मचं नाव, लशीची तारीख, खाली स्वतःची सही. राखून ठेवलेले नमुने नव्या अंड्यांत पुन्हा घातले. अकरांपैकी नऊ फार्मच्या नमुन्यांत मानमोडी निघाली. पहिल्या अहवालावर विसंबून त्यांतल्या दोघा मालकांनी आपली पिल्लं इतरांना दिली होती आणि रोग तिथेही पोचला होता. त्या दोघांना फोन करायचं काम ताईने मागून घेतलं. एकाने तिला शिव्या घातल्या. तिने त्या ऐकून घेतल्या.

महिन्याभराने वहिनी आली, एकटीच.

"वन्सं, लशीचं मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "पण तुम्हाला माहीत नाही हे मला ठाऊक नव्हतं. हे म्हणाले होते, छोटीला सांगितलंय, तिची काही हरकत नाही."

ताई उठली, तिने गॅसवर चहा ठेवला. वहिनीला साखर किती लागते ते तिने विचारलं. दादाचं काही विचारलं नाही.