गोमाजी कॅप्टनची भाषा

आषाढ पौर्णिमेला विहारात भन्तेजींसमोर मी वर्षावासाचं, म्हणजे तीन महिन्यांचं, अष्टशील घेतलं. तेव्हा आमचे हे, अश्वजित, माझ्या शेजारीच हात जोडून बसले होते. घरी येताना चवदार तळ्याच्या कोपऱ्यावर ते थांबले.

"म्हणजे बारानंतर जेवण नाय?"

"नाही."

"आणि टीव्ही?"

"तोही नाही. सातवं शील. नाचगाणं, खेळतमाशे बघायचे नाहीत."

"आणि आपलं घोडदळ?"

"घोडदळ हा तमाशाच की हो."

त्यावर ते घर येईपर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालत राहिले.

घोडदळ म्हणजे इंग्रजी सिनेमे. तेही नावाजलेले नव्हेत. निळ्या डगल्यांचे गोरे शिपाई, लाकडी ओंडक्यांचा किल्ला, समोर उघडं माळरान आणि टेकडीवरून येणारे पिसं लावलेले सू लोक, म्हणजे अमेरिकेतले मूळचे रहिवासी. हे सगळे सिनेमे फार कमी पैशांत काढलेले असतात. किल्ला बदलला तरी मागची टेकडी तीच असते. पांढऱ्या पायाचा एक घोडा एका सिनेमात पडतो आणि दुसऱ्यातही तसाच, त्याच दगडाजवळ पडतो. सू लोकांच्या तोंडाला रंग फासलेला असतो, पण तो हनुवटीपर्यंतच येतो. खाली गोरी मान दिसते. ह्यांना हे सगळं पाठ आहे. कोर्टात बेलीफ म्हणून लागण्याआधी दोन वर्षं हे पोलादपूरला तंबूच्या थिएटरात मशीनवर होते. चांगल्या सिनेमाचं भाडं मालकाला परवडत नसे, म्हणून फिल्मच्या डब्यांतून हेच येई. हे निवृत्त झाल्यावर मुंबईच्या आमच्या मुलाने मागच्या दिवाळीला इंटरनेटचा टीव्ही बसवून दिला आणि ह्यांचं ते जुनं घोडदळ यूट्यूबवर पुन्हा सापडलं.

इंग्रजी ह्यांना येत नाही. मला तर नाहीच. पण आमचं काही अडत नव्हतं. दुपारी तीनला ह्यांनी टीव्ही लावला की मी तांदूळ निवडायला घेऊन बाजूला बसायची आणि पात्रांच्या तोंडी बोलणी आम्हीच घालायचो. पुरुष आणि घोडे ह्यांच्याकडे, बायका माझ्याकडे. किल्ल्याच्या कॅप्टनचं नाव आम्ही गोमाजी ठेवलं होतं, सू लोकांच्या म्होरक्याचं चांगू.

"आरं गोमाज्या," हे चांगूच्या आवाजात नाते गावाकडचं बोलायचे, "ह्यो किल्ला हाय का गुरांचा गोठा?"

"किल्ला हाय! सरकारी हाय!"

"मंग पावती दाव."

मग शेकोटीजवळची म्हातारी माझ्या तोंडून बोलायची, "काय गो बाय, ह्ये बापये आपले घोड्यावर चढतात न् उतरतात. जेवायला येनार हायत का नाय?" हे हसून हसून मांडीवर थापा मारायचे. पडद्यावर नदीवर पहारा बसला, सू लोकांना पाणी भरू देईनासे झाले, की मात्र आम्ही दोघेही गप्प व्हायचो. त्याला महाडच्या माणसाला बोलणी घालावी लागत नाहीत.

तर ही आमची दुपार. ती मी आपण होऊन सोडली, तीन महिन्यांसाठी. कोणी जबरदस्ती केली नव्हती.

श्रावणात आम्रपाली मॅडम खिरीची वाटी परत द्यायला आल्या. आमच्यापासून तिसऱ्या घरात राहतात. पोलादपूरच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. वाटी हातात घेऊन त्या दारातच उभ्या राहिल्या आणि टीव्हीकडे बघत म्हणाल्या, "तो म्हणतोय, कुमक शनिवारपर्यंत येणार नाही."

"कोन?" ह्यांनी विचारलं.

"तो टोपीवाला."

"असं म्हनतोय तो?" हे खुर्चीतून पुढे सरकले. "बसा ना मॅडम. बसा, बसा. अगं, मॅडमना चहा टाक."

मी चहा टाकला. दुसऱ्या दिवशीही टाकला. भाद्रपद लागेपर्यंत तीन वाजले की मॅडमची चप्पल दारात दिसू लागली. माझ्या जागेवर, भिंतीकडच्या खुर्चीवर, त्या बसायच्या आणि एकेक वाक्य मराठीत सांगायच्या. मी स्वयंपाकघरात पाठ करून बसायची. बघायचं नाही हे शील होतं. कानांचं काय करायचं ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

एके दिवशी हे म्हणाले, "मॅडम, ह्ये शिऊक्स लोक..."

"शिऊक्स नाही हो. लिहितात तसं, पण उच्चार सू."

"सू?"

"सू."

मग हे म्हणाले, "म्हंजे सू आली म्हनून घोडदळ पळालं?" मॅडमनी तोंडावर पदर धरला असावा, कारण हसू दाबलेलं ऐकू आलं आणि मग फुटलं. बाईमाणूस साठीला आलेली आणि पोरीसारखी हसत होती.

"तुमच्या सरिताताईंच्या शीलातसुद्धा आहे की," त्या म्हणाल्या, "वि-सू-क-दस्सन."

ह्यांना हसता हसता ठसका लागला. मी पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला आणि कोणाकडे न बघता परत आले.

तो शब्द, म्हणजे खेळतमाशे बघणं, मी रोज पहाटे हात जोडून म्हणते. दुसऱ्या दिवशी मेणबत्ती लावली, सहा शीलं नीट म्हटली आणि सातव्याच्या त्या शब्दाशी जीभ अडली. मला त्यांचं हसणं आठवलं. मॅडमचा राग आला, ह्यांचा आला. सगळ्यात जास्त राग कशाचा आला तर त्या विनोदाचा, कारण तो चांगला होता आणि तो माझ्या हाताला लागला नव्हता.

आश्विन पौर्णिमेला, म्हणजे वर्षावास संपायला, तेरा दिवस उरले असताना सकाळी हे मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात आले.

"सापडला."

"काय?"

"पोलादपूरचा. शेवटचा डबा न आलेला."

मला लगेच कळलं. लग्न झालं त्या वर्षीच ह्यांनी तो सिनेमा मला अख्खा सांगितला होता. चांगू किल्ल्याच्या दारात एकटा उभा राहतो, आतून कॅप्टन बाहेर येतो, दोघांच्याही हातात काही नाही. तिथे फिल्म संपली. शेवटचा डबा आलाच नव्हता. तीन दिवस तंबूत लोकांनी ओरडा केला, चौथ्या दिवशी मालकाने दुसराच सिनेमा लावला. पुढे काय झालं हे आम्ही दोघांनी किती वेळा ठरवलं असेल. पावसात लाईट गेली की ठरवायचो, मुलाला ताप आला तेव्हा त्याच्या उशाशी बसूनही ठरवलं होतं. दर वेळी वेगळं.

"आज तीनला लावतो," हे म्हणाले. "मॅडमना सांगून आलोय. शब्दन् शब्द समजून घ्यायचा आज."

"तेरा दिवसांनी लावला तर?" मी हळूच विचारलं.

"आनि तवर काढून टाकला कोनी तर? असे किती गेले." मग जाता जाता म्हणाले, "तू तर बघनारच नायस."

ते खरं होतं. म्हणूनच लागलं.

तीनला पाच मिनिटं असताना हे मागच्या पडवीत तोंड धूत होते. दारात चप्पल वाजली. मीच पुढे झाले.

"आहेत का अश्वजितसाहेब?"

"झोपलेत," मी म्हटलं. "अंग गरम वाटतंय त्यांचं. आज राहू दे."

माझा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. मॅडमनी माझ्याकडे एकदा बघितलं, "बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

ह्यांनी साडेचारपर्यंत वाट बघितली. टीव्हीवर सिनेमाचं चित्र थांबवून ठेवलेलं. दोनदा दारात जाऊन आले. "विसरल्या बहुतेक," म्हणाले आणि टीव्ही बंद केला. मी काहीच बोलले नाही. आपण गप्प राहिलो म्हणजे खोटं बोललो नाही, अशी मी मनाची समजूत घालत होते.

दिवेलागणीला आम्ही दोघे वंदनेला बसतो. मी म्हणायचं, ह्यांनी मागून म्हणायचं. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं. चौथं खोटं न बोलण्याचं. माझ्या तोंडून शब्द निघेना. ह्यांनी थोडं थांबून ते एकट्यानेच म्हटलं आणि माझ्याकडे वळले.

"काय झालं गो?"

"मॅडम आल्या होत्या," मी म्हटलं. "मी सांगितलं, तुम्ही झोपलात."

अगरबत्तीची राख गळून पडली.

"कशापायी?"

"तो सिनेमा तुम्ही त्यांच्याबरोबर बघू नये म्हणून."

"त्यापरीस येऊन बसली असतीस तर काय झालं असतं?"

"सातवं मोडलं असतं."

"मंग आता चौथं मोडलंस." ते रागावून बोलले नाहीत, बेलीफ समन्स वाचून दाखवतो तसं बोलले. "जा. त्यांना सांगून ये. मी नाय जानार तुझ्यासाठी."

मॅडम ओट्याशी मेथी निवडत होत्या. मला बघून त्यांनी स्टूल सरकवलं. मी उभीच राहिले.

"मी दुपारी खोटं बोलले. हे झोपले नव्हते."

"माहीत आहे. चूळ भरताना खाकरले, ते मला ऐकू आलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या दारात तुम्हाला खोटं पाडू?" त्या हसल्या. "भांडलात ना दोघं? होतं हो. माझ्यापासून काय लपवायचं."

हो म्हटलं असतं तर सुटले असते. एक खोटं फेडायला आले होते आणि दुसरं त्यांनीच हातात आणून ठेवलं होतं.

"भांडलो नाही," मी म्हटलं. "मला तुमचा मत्सर वाटतो."

मेथीची काडी तशीच त्यांच्या बोटात राहिली.

"माझा? अहो ताई, मी गुडघ्याला पट्टा बांधून येते तुमच्याकडे!"

"तसा नाही."

"मग कसा?"

मी सांगितलं. गोमाजी सांगितला, चांगू सांगितला, जेवण कधी विचारणारी म्हातारी सांगितली. सांगताना मलाच ते पोरकट वाटलं. "तुम्ही खरं काय ते सांगता," मी म्हटलं. "ते खरं असतं. पण ते एकदा ऐकलं की गोमाजीला तोंड राहत नाही."

"मला कोणी बोललंच नाही हे."

"हे विसरले असतील."

तोंडून गेलं मगच कळलं. तीच भीती होती माझी. मी ती परक्या ओट्याशी उभी राहून बोलून टाकली होती.

मॅडमनी मेथीचं ताट बाजूला केलं. "म्हणजे माझं काही चुकलं का?"

"नाही."

"मग उद्या येऊ की नको?"

"या की" हे दोन शब्द माझ्या जिभेवर तयारच असतात. आयुष्यभर दारात आलेल्या प्रत्येकाला मी तेच म्हणत आले, मनात असो नसो. आता मी ते गिळले.

"येऊ नका," मी म्हटलं. "पौर्णिमेपर्यंत तरी येऊ नका."

"आणि पौर्णिमेनंतर?"

"ते मला आत्ता ठाऊक नाही."

त्यांनी हात पदराला पुसले. "वस्तीत सगळे म्हणतात, सरिताताईंच्या तोंडून कधी वावगा शब्द येत नाही."

"म्हणतात खरं."

"मला राग आलाय, ताई. तोंडदेखलं काही बोलत नाही."

"येऊ दे."

"दुपारी मी दुसरीकडे कुठे जात नव्हते." एवढंच म्हणून त्यांनी ताट पुन्हा पुढे ओढलं. "जाताना दार लावून घ्या. मांजर येतं."

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. मॅडमना येऊ नका म्हटलं, तेही सांगितलं. हे ऐकत राहिले आणि कूस बदलून झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा, अकराचं जेवण, सगळं मुकाट्याने झालं. मी वाढलं, त्यांनी खाल्लं.

तीनला टीव्ही लागला. मी ओट्याकडे तोंड करून भांडी पुसत होते. बिगूल वाजला, टापा ऐकू आल्या. एकट्यानेच लावला की काय तो.

पाठ न वळवता मी विचारलं, "अहो, तोच का?"

कोणीतरी इंग्रजीत हुकूम दिला, कोणीतरी इंग्रजीत नाही म्हणालं.

"नाय," हे म्हणाले. "दुसराच हाय कुठला तरी."

मी भांडी पुसत राहिले. बऱ्याच वेळाने खुर्ची करकरली.

"तेरा दिवस ना?"

"आता बारा."

"बारा," ते स्वतःशी म्हणाले आणि आवाज कमी केला.