कुठली खार?

"आणि कार्टूनच्या शेवटी सगळ्यांची नावं येतात, त्यात माझं नाव कुठं येणार?"

हा प्रश्न भोंगीने बाबांच्या चालू मीटिंगमध्ये तोंड खुपसून विचारायचा, अशी पैज शाळेच्या जिन्यातच लागली होती. भोंगी हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. आवाज घोगरा, म्हणून वर्गाने ते बहाल केलेलं. गेल्या वर्षी कविता म्हणताना तिचा आवाज मधेच फाटला, अख्खा वर्ग खो-खो हसला, आणि त्यानंतर कित्येक महिने तिने वर्गात तोंड म्हणून उघडलं नाही. पण ती जुनी भोंगी! आताची भोंगी खार होती.

बाबा घरी बसून लहान मुलांच्या कार्टूनपटांना आवाज जोडायचे. चित्रं काढणारा एका शहरात, गोष्ट लिहिणारी भलत्याच शहरात, दिग्दर्शक बाई तर आणखी कुठेतरी. कुणी कुणाला समोरासमोर पाहिलेलं नाही, सगळा संसार ऑनलाइन फोल्डरमध्ये. चित्रं तिथे, आवाज तिथे, रुसवेफुगवेही तिथेच. आणि त्यातच एका फोल्डरमध्ये भोंगीची खार राहत होती.

कपड्यांच्या कपाटात आवाज घुमत नाही, म्हणून ती आईच्या जाड कोटांमध्ये मान खुपसून खारीचे संवाद म्हणायची. बाबा रेकॉर्ड करायचे, फाइल मात्र ती स्वतः चढवायची. दुसऱ्या दिवशी खाली शेरा हजर! "ध्वनी विभाग: वा, खार एकदम ठसकेबाज! उडी मारतानाचं वाक्य तेवढं पुन्हा द्या." हे शेरे तिला तोंडपाठ होते. त्यांच्या जिवावर तिने वर्गात पुन्हा हात वर करायला सुरुवात केली होती, भूगोलाच्या बाईंशी वाद घातला होता, आणि फुशारक्या मारून मारून घारी आणि टिंगी या दोन जिवलग मैत्रिणींना वात आणला होता.

"एवढी मोठी कलाकार ना तू? मग विचार की," टिंगी म्हणाली.

"विचारते! भिते की काय कुणाच्या बापाला?"

"अगं, तुझ्याच बापाला विचारायचंय," घारी म्हणाली.

तर दुपारी तिघी घरी आल्या. बाबा संगणकासमोर, कंबरेच्या वर इस्त्रीचा शर्ट, खाली घरातली ढगळ चड्डी. दोघी दाराआड तोंडावर हात दाबून उभ्या राहिल्या. भोंगी सरळ कॅमेऱ्यासमोर.

"नमस्कार मंडळी! मी खार!" आणि तिने प्रश्न टाकला. ठसक्यात.

पडद्यावरच्या चौकोनांमधले चेहरे आधी हसले. मग एकेकाचं हसू विरलं. पांढऱ्या केसांच्या दिग्दर्शक बाई पुढे झुकल्या.

"खार? कुठली खार?"

बाबांनी माउसवर झडप घातली आणि घाईघाईत भलतंच बटण दाबलं. झालं काय, तर इकडचा आवाज तिकडे जायचा बंद झाला आणि तिकडचा इकडे येतच राहिला.

"अहो, खारीचं काम त्या नाटकातल्या मुलीने कधीच संपवलं ना?" बाई म्हणत होत्या. "तुमच्या मुलीचा नमुना मी ऐकला होता, पण मी तेव्हाच तुम्हाला कळवलं होतं की..."

बाबा मान खाली घालून बसले. भोंगीने हात पुढे करून आवाज पुन्हा सुरू केला.

"काय कळवलं होतं?"

बाई आता थेट तिच्याशीच बोलू लागल्या. "तुला सांगितलं नाही का कुणी? आवाज छान आहे गं तुझा, खरबरीत, वेगळा. पण वाक्य संपत आलं की तू दम सोडतेस. शेवटचा शब्द ऐकूच येत नाही. त्यावर काम केलंस, तर पाठव मला. सरळ मलाच पाठव."

"थँक्यू," भोंगी म्हणाली. तो शब्द तिचा तिलाही ऐकू आला नाही.

दाराआडून टिंगी म्हणाली, "आम्ही निघतो गं. उद्या भेटू." एरवी हिने आठवडाभर पुरेल इतकी टिंगल केली असती. आज केली नाही. तेच जास्त लागलं.

मीटिंग संपली. बाबा काहीतरी बोलायला गेले, तर तिने त्यांच्या हातातून माउस काढून घेतला आणि तो तोंडपाठ फोल्डर उघडला. इतक्या दिवसांत तिने एक गोष्ट कधी पाहिली नव्हती. कशाला पाहील? आपल्या घराला कड्या किती, हे कुणी मोजत बसतं का? फोल्डर कुणाकुणाशी शेअर केलाय, ते तिने उघडून पाहिलं. चित्रकार नाही. लेखिका नाही. बाई नाहीत. ती, बाबा आणि ध्वनी विभाग. ध्वनी विभागावर बोट ठेवलं, तर आईचा जुना ईमेल पत्ता.

ठसकेबाज! हा शब्द घरात दुसरं कोण वापरतं?

आई दाताच्या दवाखान्यातून आली तेव्हा भोंगी कपाटात बसली होती, दार लावून.

"बाहेर ये राणी," आई म्हणाली. "ऐकून तर घे. तू बोलायचं सोडलं होतंस. नकार आला तेव्हा बाबांच्या तोंडून शब्द फुटेना. तू इतकी खूश होतीस..."

"म्हणून उडी मारतानाचं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलंत?" कोटांमधून आवाज आला. "कुणीच ऐकणार नव्हतं, तरी?"

"आम्ही ऐकत होतो," बाबा म्हणाले.

"तुम्ही तर मला शिंक आली तरी टाळ्या वाजवाल!"

आत तिला एकेक शेरा आठवत होता. त्या शेऱ्यांच्या जोरावर ती भूगोलाच्या बाईंशी भांडली होती. मग ते भांडणही खोटं? वर करायला लागलेला हातही आईनेच टाइप केलेला? नाही. वर्गात बाईंना उत्तर तिने दिलं होतं, तेही बरोबर. तेव्हा तिथे ना आई होती, ना बाबा. आणि सबंध वर्षात तिच्या आवाजाबद्दल खरं एकच माणूस बोललं होतं, तेही न भेटलेलं.

तिने कपाटाचं दार ढकललं. नाक लाल, डोळे सुजलेले, केसांत कोटाची लोकर.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "आजपासून माझं रेकॉर्डिंग मी एकटी करणार. नवा फोल्डर उघडलाय. त्यात मी आणि दिग्दर्शक बाई, बस्स. लिंक तुम्हाला मिळणार नाही. रडून मागितलीत तरी नाही."

"अगं, पण त्या परत नको म्हणाल्या तर?" आईने विचारलं.

"तर नको म्हणतील. पण ते आधी मला म्हणतील. तुमच्याकडून गाळून आलेलं मला आता काहीच नकोय. आणि मी जेवताना तोंड पाडून बसले, तर कुणीही, कुणीही ठसकेबाज म्हणायचं नाही!"