चौलच्या बंदरावरचं व्याख्यान

जयाने चौल बंदरावर वर्षानुवर्षं खपून प्रबंध लिहिला, तेव्हा पारनेरात कुणी त्याची दखलही घेतली नव्हती. आता बाजार समितीची निवडणूक तोंडावर आली आणि ती शिकवायची त्या कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब यांनी तिला स्वतःहून बोलावून घेतलं.

"मॅडम, निजामशाहीचं ते बंदर, तिथले मुसलमान व्यापारी, राज्यकारभारात त्यांचं किती चालायचं, हे जरा लोकांना सांगा. मोठा हॉल घेतलाय."

जया हरखली. तासिका तत्त्वावरच्या बाईला एवढा मान कोण देतो!

व्याख्यानाच्या दिवशी सकाळीच शमसूभाई तांबोळी घरी आले. कांद्याचे आडते, जयाच्या वडिलांचे दोस्त आणि यंदा आप्पासाहेबांच्या पॅनेलविरुद्ध उभे राहिलेले. चहाला त्यांनी हात लावला नाही.

"पोरी, तू लिवलं ते खरंच असंल. पन आज बोलू नगंस. चौलचा व्यापारी म्हंजी मीच, असं करत्याल ही मान्सं."

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. नाही म्हणावं, तर जूनमध्ये नेमणूक गेलीच. बोलावं, तर शमसूभाईंच्या गळ्याला फास. शेवटी तिने ठरवलं, काही न गाळता सगळंच सांगायचं.

तिने सांगितलंही. जकात जहाजांवर अवलंबून, म्हणून अंमलदार व्यापाऱ्यांचा शब्द झेलायचे. बंदरावर मुसलमान व्यापाऱ्यांचा शब्द चालायचा, तसा वाण्यांचाही चालायचा. आणि मर्जी फिरली की याच लोकांना आधी नाडलं जायचं. पहिल्या रांगेत आप्पासाहेबांचा पुतण्या मोबाईल धरून बसला होता.

संध्याकाळी तालुकाभरच्या मोबाईलवर तिच्या आवाजातलं एकच वाक्य फिरलं, "बंदरावर मुसलमान व्यापाऱ्यांचा शब्द चालायचा." मागचं-पुढचं कापलेलं. खाली ओळ होती, 'आपली बाजार समिती यांच्या हातात द्यायची का?'

तिने पुतण्याला फोन केला. तो हसला. "आवाज तुमचाच हाय ना, मॅडम?"

दुसऱ्या दिवशी ती मार्केटात गेली. शमसूभाईंनी अर्ज मागे घेतला होता. गाळ्यावर रोजची गर्दी नव्हती. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली.

"काका, मी खोटं नाही बोलले."

"न्हाईच बोललीस," ते म्हणाले आणि पोती मोजायला आत निघून गेले.

परतताना आप्पासाहेबांचा फोन आला. "मॅडम, लई गाजलं! काष्टीलाही तुमचं व्याख्यान ठेवलंय. गाडी पाठवतो."

जया रस्त्याच्या कडेला थांबली. जूनच्या नेमणुकीवर सही यांचीच लागणार होती.

"बरं," ती म्हणाली.