जित्या माणसाची थाळी

मी एक जुनी स्टीलची थाळी आहे, मित्रांनो. शहाद्याच्या बाजारातून सिंधुबाईंनी मला घासाघीस करून आणलं. पंगतींत माझ्यावर आमरस सांडला, लेकरांनी मला ढोलासारखं बडवलं. बायका म्हणायच्या, काय चकाकते!

मग सिंधुबाईंच्या मुलाला, धर्मेंद्रला, एचआयव्ही निघाला. त्याची खाट गोठ्याशेजारच्या खोलीत गेली, सोबत मीही. चुलीपाशी बाकीची भांडी खणखणत. इकडे आवाजच नाही. सिंधुबाई मला उंबऱ्यावर ठेवत आणि पाठ न फिरवता मागे मागे सरकत. अन्न माझ्यावर निवत जाई. धर्मेंद्रनं गोळ्याही सोडल्या. त्याचा श्वास इतका हलका झाला, की मला वाटे, खाट रिकामीच आहे.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. सिंधुबाईंनी पितरांची घागर भरली, नैवेद्य मांडला, त्याभोवती पाणी फिरवलं. मग त्याच ओल्या हातांनी मला उंबऱ्यावर ठेवलं, आणि सवयीनं माझ्याभोवतीही पाणी फिरवलं. हात जोडले. भर दुपारी पानही हलेना. कावळा पितरांच्या नैवेद्याकडे गेलाच नाही. माझ्या काठावर येऊन बसला. त्याच्या नख्या गार होत्या.

आतून धर्मेंद्र म्हणाला, "मन्ही बी घागर भरी टाकी का, माय?"

सिंधुबाईंनी कावळ्याला हाकललं.

गोळ्या न्यायला धर्मेंद्र येईना, म्हणून दवाखान्यातली समुपदेशक काजल, त्याला फोनवर विचारून, दुसऱ्या दिवशी घरी आली. सिंधुबाईंनी रडत रडत कावळ्याचं सांगितलं. काजल सरळ खोलीत गेली, धर्मेंद्रजवळ बसली आणि माझ्यातली पोळी मोडून खाऊ लागली.

"नको व माय! त्यानी थाळीमा खाऊ नको, तुले बी लागी जाई!" सिंधुबाई ओरडल्या.

"संगे जेवाघाई नही लागत, मावशी. जोडे बसाघाई बी नही. गोया सोड्यात तं मातर जीव जाई. रोज खाई तं तुन्हासारखा म्हातारा व्हई, आनि तुन्हासारखीच कटकट करी!"

धर्मेंद्र हसला. रिकाम्या घरात कुणी हसावं, तशा सिंधुबाई दचकल्या. मग उंबरा ओलांडून आत आल्या, त्याच्या शेजारी टेकल्या. माझ्यातला घास त्यांनी उचलला. घास तोंडात गेला.

"मीठ कमी पडनं," त्या म्हणाल्या. "इतला दिन बोलना का नही रे?"

मित्रांनो, माझं काय, राखेनं घासलं की मी पुन्हा चकाकते. पण जित्या माणसापुढं ताट ठेवाल, तर मागे सरकू नका. जवळ बसा. मीठ कमी पडलं, हे त्याला कुणाला तरी सांगता आलं पाहिजे.