एका पानाचा फॉर्म

त्याचं खरं नाव फक्त हजेरीपटात होतं. एरवी अख्खं रुग्णालय त्याला चौकटराव म्हणायचं, कारण कॉम्प्युटरवर टेबलं आखण्यात हा कारकून वस्ताद. रेघ जरा इकडची तिकडे झालेली त्याला खपत नसे.

त्याच्या आधी रुग्ण भरती करतानाचा फॉर्म म्हणजे नुसता सावळागोंधळ होता. कुणी मजकूर वाढवला की रकाना फुगायचा, सही दुसऱ्या पानावर घरंगळायची आणि नेमकं तेच पान हरवायचं. शेवटी मोठे डॉक्टर कडाडले, "मला एकच पान हवं. एकच!" चौकटरावाने दोन दिवस मान मोडून काम केलं. प्रत्येक रकान्याची उंची पक्की बांधली, म्हणजे आत काहीही भरा, रकाना तसूभर वाढायचा नाही. वर फॉर्मला कुलूप घातलं. रिकाम्या जागा भरा, पण आखणीला हात लावायचा नाही. पासवर्ड त्याच्या एकट्याकडे. बायकोने विचारला असता तरी सांगितला नसता. मोठ्या डॉक्टरांनी पाठ थोपटली आणि हा आठवडाभर हवेत होता.

जास्तीचा मजकूर कुठे जाणार, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. तो रकान्याच्या खालच्या रेघेआड दडायचा. फाइलीत असायचा, पण ना पडद्यावर दिसायचा, ना कागदावर. वॉर्डातल्या सिस्टरनी त्याला एकदा टोकलंही होतं.

"अहो चौकटराव, तिसरी ओळ लिहायला घेतली की गडपच होते."

"मग दोन ओळींत आटपा ना, सिस्टर. निबंध कशाला लिहिता?"

दोघंही हसले आणि विषय तिथेच मिटला. खरं तर त्याच वेळी कुणीतरी त्याच्या कानाखाली वाजवायला हवी होती. पण ज्याचं सगळे कौतुक करतात, त्याला बोलणार कोण?

मग एक म्हातारे शिंपी तापाने फणफणलेले आले. सोबत मुलगी होती. तिने सांगितलं ते सगळं सिस्टरनी भरलं, 'न चालणारी औषधं' हा रकानासुद्धा. छापील पानावर त्यात दोन औषधं होती. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी तिसरंच इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात शिंपी गेले.

चौकशी बसली. सिस्टर एकच सांगत राहिल्या, "मी तिन्ही नावं लिहिली होती." कागदावर दोन, पडद्यावरही दोनच. बावीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या बाईवर सगळं खापर फुटलं. आता नोकरी तर जाणारच होती, वर पोलिसांत तक्रार व्हायची होती.

फाइल समितीपुढे उघडून दाखवायचं काम चौकटरावाकडे आलं. मोठ्या डॉक्टरांनी सकाळीच बजावलं, "जशी दिसते तशी दाखवायची. शहाणपण नको."

बैठकीआधी तासभर तो ती फाइल उघडून बसला. कुलूप काढून बघायची गरजच नव्हती. तिसरं नाव कुठे आहे, हे रुग्णालयात त्याच्या एकट्यालाच ठाऊक होतं. कोऱ्या फॉर्मवर दिसतं तेवढंच पुन्हा टाइप केलं आणि जुनी फाइल पुसली, की संपलं. सिस्टर जाणार आणि आपण राहणार. आपल्या घरी दोन मुली, सिस्टरच्या घरी अंथरुणाला खिळलेला नवरा. त्याने कोरा फॉर्म उघडला, शिंप्याचं नाव टाइप केलं, मग पुसलं. त्याला स्वतःची शिसारी आली. तरी काय करायचं ते काही ठरलं नाही.

बैठकीच्या खोलीत समितीचे तिघं, मोठे डॉक्टर, सिस्टर आणि शिंप्याची मुलगी होती. भिंतीवर फॉर्म मोठा होऊन दिसत होता. दोन नावं. समितीतले एक जण पेनाचं टोपण लावायला लागले.

तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "चौकटराव, तुमचा फॉर्म तुम्हालाच कळतो. बघा ना जरा, माझं लिहिलेलं कुठे गेलं?"

त्यांच्या बोलण्यात संशय नव्हता, टोमणाही नव्हता. नुसता विश्वास होता, आणि तो त्याला सोसवेना.

त्याने पासवर्ड टाकला. मोठे डॉक्टर खेकसले, "अहो, काय करताय?" त्याने मान वर केली नाही. रकान्याची बांधलेली उंची सोडली. रकाना खाली उघडला. सही घसरून दुसऱ्या पानावर गेली.

तिसरं नाव तिथे होतं. पुढे आणखी काही लिहिलेलं होतं. मुलगी उठून भिंतीपाशी गेली आणि मोठ्याने वाचू लागली.

"मागच्या खेपेला या इंजेक्शनाने श्वास बंद पडला होता. मुलीने दोनदा बजावून सांगितलं आहे."

सिस्टरनी पदर तोंडाला लावला.

"बाईंनी लिहिलंय की," मुलगी म्हणाली. "मग कागदावर का नाही आलं?"

"मी रकाना बांधून ठेवला होता. एकाच पानात बसावं म्हणून. सिस्टरनी मला सांगितलं होतं, ओळी गडप होतात म्हणून. मी हसण्यावारी नेलं."

मुलगी भिंतीपासून त्याच्याकडे वळली.

"बाबांसाठी किती जागा जास्त लागली असती?"

"दोन ओळी," चौकटराव म्हणाला.