भित्रा दयाळ

मधुकरांचा दयाळ पक्षी आमोणे गावातल्या त्यांच्या वाडीत प्रसिद्ध होता. नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्जीवरची नोकरी संपवून मधुकर घरी बसले. बसले कसले! उजाडलं की पिकास घेऊन मागच्या परसात उतरायचे आणि तांबड्या भाजीचे वाफे खणायचे. मग शेवग्यावरून दयाळ खाली यायचा आणि शेपटी वर करून त्यांच्या पायांशी असा नाचायचा, की पाहणाऱ्याला वाटावं यांची जुनी सोयरीकच आहे.

त्यांची बायको प्रभावती चहाचा कप घेऊन मागल्या दारी यायची. तिचं पाऊल पायरीवर पडलं की मधुकर हात वर करायचे.

"हंय येव नको गो. तो भियेता."

ती तिथेच थांबायची. चहा पायरीवर निवत राहायचा. नवऱ्याच्या पायांत घोटाळणारं पाखरू आपल्याला तेवढं घाबरतं, याचं तिला फार वाईट वाटायचं. शेजारच्या सरस्वतीला एकदा बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, "तुजो आवाजच तसो!" झालं. तेव्हापासून तिने तोंड मिटलं.

गेल्या श्रावणात मधुकर गेले. दहाव्याला पिंड ठेवायचा अवकाश, कावळा फटकन शिवला. माणूस तृप्त होऊन गेला, असं म्हणून लोक समाधानाने घरी गेले. प्रभावतीच्या मात्र काळजात कळ आली. एवढा संसार केला, आणि जीव कशातच अडकला नाही? माझ्यातसुद्धा नाही?

मग तिने दयाळाचा ध्यास घेतला. त्यांच्याजवळ यायचा तसा तो एकदा आपल्याजवळ यावा, एवढंच तिला हवं होतं. मुलगा देवेश वास्कोला बंदरात नोकरीला. तो 'आता इकडे ये' म्हणून फोन करायचा आणि ही काहीतरी सबब काढायची. खरी सबब शेवग्यावर बसलेली असायची. केळीच्या पानावर भात आणि पोयी पावाचा चुरा ठेवून ती सकाळी पायरीवर बसायची, श्वाससुद्धा बेताने घेत. दयाळ वर बसून गायचा, खाली ढुंकूनही बघायचा नाही. भात कावळे न्यायचे. शेवटी, कावळा शिवेना की पिंडापुढे विनवतात, तसे तिने दयाळालाच हात जोडले.

"परस सुका ठेवचंय नाय मी. तुमची कसली इच्छा रवली ती सांगा."

दयाळाने शेपटी हलवली आणि उडून गेला.

माघात देवेश गाडी घेऊनच आला. या खेपेला त्याच्यापुढे तिचं काही चाललं नाही. बॅग भरून झाली.

"हळद तरी काढून घेतंय," ती म्हणाली. मधुकरांनी लावलेली हळद, मातीत टाकून कशी जायची? तिने पदर खोचला आणि जन्मात पहिल्यांदा त्यांची पिकास उचलली. आता पाखरू येवो नाहीतर खड्ड्यात जावो. ढेकळं उडवत, नवऱ्याच्या नावाने मोठमोठ्याने बडबडत ती खणत सुटली.

आणि दयाळ टपकन तिच्या पायांशी उतरला.

उकरलेल्या मातीतून त्याने एक गांडूळ ओढलं आणि पुढचं निघण्याची वाट पाहत उभा राहिला. तिने मुद्दाम जोराने घाव घातला. तो वीतभर सरकला, पुन्हा जवळ आला.

म्हणजे हा कधीच घाबरत नव्हता! जो खणेल त्याच्यापाशी जात होता. आणि रोज खणणाऱ्या माणसाला हे कळलं नसेल होय? "लबाड!" ती ओरडली. किती सकाळी तिने पायरीवर घालवल्या होत्या! दयाळ तिच्या ओरडण्यानेही हलला नाही.

मागे पायरीवर देवेशचे बूट वाजले. "झालां गो, आई?"

तिचा हात आपोआप वर गेला. "हंय येव नको रे. तो भियेता."

शब्द निसटले आणि ती थबकली. तोच हात, तेच शब्द. मधुकर का खोटं बोलायचे, ते तिला त्या क्षणी कळलं. असं सुख कुणाशी वाटून घ्यावंसं वाटत नाही. राग कुठल्या कुठे गेला आणि डोळे भरून आले. आत्ता ते समोर असते, तर तिने त्यांना चांगलं फैलावर घेतलं असतं आणि मग त्यांच्या शेजारी उभी राहिली असती.

तिने वळून पाहिलं. देवेश पायरीवर निमूट उभा होता, ती उभी राहायची तिथेच. तिच्यासाठी आणलेला चहाचा कप त्याच्या हातात होता.

तिने हात खाली घेतला.

"खोटां सांगलंय रे," ती म्हणाली. "तो कोणाकच भियेना. ये, चाय निवायच्या आधी ये."